सात जागांचा पक्ष

श्रोतेहो, नमस्कार. इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी, हे नाव तुम्हाला नवं नाही. सावरकरांनी शंभर वर्षांपूर्वीच त्याला मराठीत आणलं. या मॅझिनीच्या एका पक्षाचं नाव होतं कृती पक्ष. पुढे १९४२ साली, मुसोलिनी सत्तेवर असतानाच, काही मंडळी रोममध्ये चोरून जमली आणि त्यांनी तेच नाव पुन्हा उचललं.

मंडळी कोण, तर वकील, प्राध्यापक, पत्रकार. यांना उदारमतवाद्यांचं स्वातंत्र्य हवं होतं, समाजवाद्यांची समता हवी होती आणि राजा तर मुळीच नको होता. नुसते बोलघेवडे मात्र नव्हते हं! पुढे इटलीत घुसलेल्या जर्मनांविरुद्धच्या छुप्या लढ्यात कम्युनिस्टांच्या खालोखाल तुकड्या त्यांच्याच होत्या.

जून १९४५ मध्ये याच लढ्यातला, याच पक्षाचा एक पुढारी, फेर्रुच्चो पार्री, पंतप्रधान झाला. भूमिगत असताना त्याचं टोपणनाव होतं मौरिझिओ. हा गृहस्थ रात्री कचेरीतच घडीची खाट टाकून झोपायचा. माणूस सरळ, पण सरकार सहा पक्षांचं. फॅसिस्टांना नोकऱ्यांतून काढायचं, बड्या कारखानदारांना चाप लावायचा, असं म्हटल्यावर जुन्या उदारमतवादी पक्षानेच पाठिंबा काढला. डिसेंबरात पार्रीच्या जागी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे दे गास्पेरी पंतप्रधान झाले.

पक्षाच्या घरातही पुढाऱ्यांत धुसफूस होतीच. एमिलिओ लुस्सूला पक्ष समाजवादी हवा, ऊगो ला माल्फाला मध्यममार्गी. फेब्रुवारी १९४६ च्या अधिवेशनात फाटलं, आणि पार्री नि ला माल्फा यांनी वेगळी चूल मांडली. निवडणूक तर चार महिन्यांवर!

२ जून १९४६ ला संविधान सभेसाठी मतदान झालं. राजा की प्रजासत्ताक, याचाही कौल त्याच दिवशी होता. प्रजासत्ताक जिंकलं, म्हणजे यांची मागणी पुरी झाली. आणि यांना स्वतःला? दीड टक्क्याच्या आसपास मतं, ५५६ पैकी ७ जागा. मला वाटतं, या पक्षात सगळेच सरदार होते. गावोगाव दारं ठोठावणारा शिपाई कुणी नव्हता. ते काम चर्चचे पाद्री आणि कम्युनिस्टांच्या शाखा करत होत्या.

त्या सातांत कायदेपंडित कालामांद्रेई होते. संविधान सभेत त्यांचा शब्द वजनदार, पण ऑक्टोबर १९४७ मध्ये, संविधान मंजूर व्हायच्या आधीच, पक्ष मोडला. बरेचसे समाजवाद्यांकडे गेले.

त्या काळी पक्षात आलेला एक तरुण होता, कार्लो आझेल्यो चांपी. १९९९ साली तो इटलीचा राष्ट्रपती झाला, तेव्हा पक्ष जाऊन बावन्न वर्षं लोटली होती. नमस्कार.