स्पेन्सर विल्यम्स: पाच हजार डॉलरांतला स्वर्ग

स्पेन्सर विल्यम्सने दिग्दर्शित केलेला आजचा चित्रपट, १९४१चा 'द ब्लड ऑफ जीझस', सुरू व्हायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात एक किस्सा सांगतो. साल १९५१. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'अमॉस एन् अँडी' नावाची विनोदी मालिका सुरू झाली. रेडिओवर ती १९२८पासून गाजत होती. गंमत बघा, त्यातल्या कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज काढत होते फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल, दोघेही गोरे. टीव्हीवर मात्र चेहरे दिसणार, म्हणून खरे कृष्णवर्णीय नट घ्यावे लागले. अँडीच्या भूमिकेत आला साठीकडे झुकलेला, धिप्पाड स्पेन्सर विल्यम्स. गॉस्डेन त्याला शिकवायला लागले, की निग्रो माणूस अमुक शब्द असा उच्चारतो. विल्यम्स म्हणाला, अहो, मी जन्मभर निग्रोच आहे, मला माहीत असेल ना!

हसू येतं खरं, पण हा वाद त्याच्या मागे पहिल्यापासून होता. जन्म १८९३चा, लुइझियानातल्या विडेलिया गावचा. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात होता. पुढे हॉलिवूडला आला तो बोलपट नुकते सुरू होत असताना. अल ख्रिस्टी या निर्मात्याने १९२९मध्ये कृष्णवर्णीय नटांना घेऊन छोटे विनोदपट काढले. त्यांच्या मूळ कथा एका गोऱ्या लेखकाच्या होत्या. विल्यम्स त्यांत कामही करायचा आणि संवादही लिहायचा. म्हणजे आपल्याच माणसांची बोली, पण गोऱ्यांना हसू येईल अशा बेताने.

हात मोकळे झाले ते टेक्ससमध्ये. डॅलसला अल्फ्रेड सॅक नावाचा ज्यू वितरक होता. तेव्हा दक्षिणेत थिएटरंसुद्धा वर्णाप्रमाणे वेगळी होती. कृष्णवर्णीयांना एकतर त्यांचं वेगळं थिएटर, नाहीतर बाल्कनी. त्या प्रेक्षकांसाठी निघणाऱ्या चित्रपटांना 'रेस फिल्म' म्हणत. विल्यम्सची पटकथा असलेला 'सन ऑफ इंगागी' सॅकने १९४०मध्ये बाजारात आणला आणि मग आजच्या या चित्रपटाचं दिग्दर्शनच विल्यम्सच्या हाती दिलं. बजेट किती? सुमारे पाच हजार डॉलर!

त्या पैशांत काय काय बसवलंय ते आता पाहालच. नदीत बाप्तिस्मा घेतलेली मार्था घरी येते. नवरा रास, म्हणजे खुद्द विल्यम्स, देवाधर्माच्या वाटेला न जाणारा. त्याची बंदूक पडते, गोळी सुटते आणि मार्थाला लागते. मग तिच्या आत्म्याचा प्रवास. स्वर्ग उभारायला पैसे कुठले? विल्यम्सने १९११च्या एका इटालियन मूकपटातले तुकडे काढून सरळ जोडले. नरकाच्या वाटेवर तर सैतान ट्रकवर जाझचा बँड घेऊन बसलाय! कॅमेरा कच्चा आहे, काही जणांचा अभिनय शाळेच्या गॅदरिंगसारखा आहे, हे मी लपवणार नाही. पण खाटेभोवती जमलेली बायामाणसं गायला लागतात, तेव्हा त्यांनी कसं गावं, कसं बोलावं, हे शिकवायला तिथे कुणीही गोरा उभा नाही. मला या चित्रपटाचं मोल तिथे वाटतं.

१९४७पर्यंत त्याने आणखी चित्रपट केले, त्यांत 'गो डाऊन, डेथ!' आणि 'ज्यूक जॉइंट' नक्की पाहा. मग रेस फिल्मचा बाजारच बसला आणि तो 'अँडी' झाला. त्या मालिकेत कृष्णवर्णीयांची टिंगल होते म्हणून त्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने आवाज उठवला. तिचा आक्षेप मला पटतो. विल्यम्सच्या कामाला मात्र मी अजूनही हसतो, काय करणार! मालिका १९५३मध्ये थांबली. १९६९मध्ये तो वारला तेव्हा लोकांना आठवत होता फक्त अँडी.

१९८०च्या दशकात टेक्ससमधल्या टायलर गावी एका गोदामात जुन्या फिल्मच्या डब्यांचा ढीग सापडला. हरवला असं सगळे धरून चालले होते, तो हा चित्रपट त्यात निघाला. १९९१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला.

बरं, चित्रपट तासाभराचासुद्धा नाही. शेवटाकडे चौरस्त्यावरची पाटी येईल, एक बाण नरकाकडे, एक झायनकडे, म्हणजे स्वर्गाकडे. पाटीखाली मार्था कोसळते, तिथे डोळे पडद्यावरून हलवू नका. दिवे घालवा रे.