वजन किती यापेक्षा वजन कुठं

मंडळी, बेळगावात शिडाच्या नौकेवर व्याख्यान म्हटल्यावर ‘समुद्र कुठं आहे इथं?’ असं काहींनी विचारलं. चोर्ला घाट उतरला की आहे! आणि या नौकेतलं अवघड काम उद्यमबागेतल्या माणसाला लवकर कळेल, कारण ते फाउंड्रीचं आणि वजनाचं आहे.

आपली नौका तीस-पस्तीस फुटांची. रविवारी क्लबची शर्यत, आणि मेच्या सुट्टीत बायकामुलांना घेऊन चार दिवस किनाऱ्यानं भटकंती. शर्यतवाल्याला ती रिकामी हवी. घरच्यांना ओटा, संडास, ताठ उभं राहता येईल एवढी उंची आणि दोनशे लिटर पाणी हवं. म्हणजे पाण्याचेच दोनशे किलो झाले.

पण किती किलो यावर भांडण्याआधी ते कुठं बसतात ते बघा. डोलकाठीच्या टोकाला, गुरुत्वमध्यापासून बारा मीटरवर, दहा किलोचं उपकरण लावलंत, तर ते फेडायला दीड मीटर खाली कीलमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाला लावलेल्या जड पात्यात, 80 किलो लागतात. तेच दोनशे लिटर बाकांखाली, मध्यावर ठेवले तर फारसं बिघडत नाही. फक्त टाकीत आडपडदे हवेत; अर्धी टाकी डचमळली की तोल ढळतो. ओटाही मध्याजवळ, जिन्याच्या पायथ्याशी, कारण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, उसळी फार. शेगडी दोन खुंट्यांवर झुलती, म्हणजे नौका कलली तरी चहाचं भांडं सरळ राहतं.

बाक उपटून टाकले की नौका पळेल, हा समज अर्धाच खरा. मंद वाऱ्यात फरक पडतो. पण पाण्यातली लांबी 28 फूट असेल तर स्वतःच्याच लाटेमुळे वेग सात नॉटच्या आसपास अडतो. म्हणजे ताशी 13 किलोमीटर, कॅम्पातला सायकलवाला पुढं जाईल. त्या हव्यासापायी तोल गमावू नये. 1979 च्या फास्टनेट या ब्रिटनमधल्या सागरी शर्यतीत 303 नौका निघाल्या, वादळात 15 खलाशी गेले. उलटलेल्या काही नौका लगेच सरळ झाल्या नाहीत. रुंद आणि हलकी नौका उलटीसुद्धा स्थिर राहू शकते, हा धडा त्यानंतर सगळ्यांनी गंभीरपणे घेतला.

आता कील. दोन टन शिसं सुमारे 176 लिटर जागेत मावतं, बिडाला 278 लागतात. शिशाचं वजन म्हणूनच आणखी खाली नेता येतं. पण ते महाग. घरच्या नौकेला मी बीडच घेईन: वर सडपातळ पातं, तळाला बल्ब, म्हणजे बिडाचाच फुगीर गोळा. फार खोल नको, गोव्यात नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. पावणेदोन मीटर पुरे. मात्र कास्टिंग नीट घासून इपॉक्सी चढवा. खाऱ्या पाण्यात बिडाला पापुद्रे सुटले की तळ खरखरीत होतो, आणि बाक काढून मिळवलेला वेग तिथंच जातो.