केईएम : एका अटीची शंभर वर्षं

(दृश्य: सकाळ. आचार्य दोंदे मार्ग. दगडी इमारतीचा दर्शनी भाग, खाली फुटपाथवर माणसांची वर्दळ.)

नाव इंग्लंडच्या राजाचं. किंग एडवर्ड मेमोरियल. सातवा एडवर्ड १९१० साली वारला, त्याच्या स्मारकासाठी मुंबईत निधी जमला आणि परळला महापालिकेचं हे रुग्णालय उभं राहिलं. आराखडा जॉर्ज विटेटचा, गेटवे ऑफ इंडियावाल्या विटेटचा. साल १९२६.

(दृश्य: महाविद्यालयाच्या नावाची पाटी, जवळून.)

आता ही दुसरी पाटी. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. इथली मुलं एवढं लांब नाव घेत नाहीत, 'जीएस' म्हणतात. शेठजींच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी मोठी देणगी दिली, पण बिनशर्त नाही. देताना अट घातली: इथे शिकवणारा प्रत्येक अध्यापक भारतीय हवा, पात्र हवा आणि सरकारी नोकरीतला नको.

ही अट आज कुणाला विचित्र वाटेल. तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होतं, शेजारी जेजे रुग्णालय. डॉक्टर भरपूर तयार होत होते, आपलेच. पण वरच्या खुर्च्या बहुतेक ब्रिटिश सरकारच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्यांकडे. लंडनहून उत्तम पदवी घेऊन आलेला भारतीय डॉक्टरही शिकवायच्या जागेसाठी दारातच ताटकळायचा. 'सरकारी नोकरीतला नको' हे तीन शब्द नेमके त्या दारावर मारलेले होते. इमारतीला नाव राजाचं आणि आत राजाच्या नोकराला मज्जाव. मुंबईच्या व्यापाऱ्याचं डोकं!

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. जन्म अमरेलीचा, शिक्षण ग्रँटमध्ये, मग लंडन. गांधीजींशी त्यांची ओळख तिथलीच, १९१४ सालची. पुढे स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेले आणि १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. पण त्याआधीची सतरा-अठरा वर्षं त्यांनी या परिसराला दिली. विकृतिशास्त्राला, म्हणजे पॅथॉलॉजीला डॉ. वसंत खानोलकर, शस्त्रक्रियेला डॉ. आर. एन. कूपर, डॉ. ए. व्ही. बाळिगा. जुहूच्या कूपर रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे, ते हेच कूपर. अट पाळायला माणसं मिळणार नाहीत असं ज्यांना वाटलं होतं, त्यांना ही यादी वाचून दाखवायला हवी होती.

(दृश्य: विकृतिशास्त्राचं संग्रहालय. काचेच्या बरण्या, त्यावरची लेबलं. कॅमेरा सावकाश सरकतो.)

या बरण्या बघून घ्या. फुफ्फुसं, यकृतं, हृदयं. यातला प्रत्येक अवयव कुणाच्या तरी शरीरातून आलेला आहे. पाठ्यपुस्तकात रोगाचं वर्णन असतं, इथे रोग स्वतः दिसतो. खानोलकर पुढे १९४१ साली रस्त्यापलीकडच्या टाटा मेमोरियलमध्ये गेले आणि भारतातल्या कर्करोग संशोधनाचा पाया तिथे घातला गेला. पण बरणीसमोर उभं राहून मुलांना प्रश्न विचारायची जीएसची सवय मागे राहिली.

(दृश्य: गिरणीची चिमणी, मागे काचेचा टॉवर. मग ओपीडीची रांग.)

जागा परळची, हेही महत्त्वाचं. चहूबाजूंनी गिरण्या, त्यांच्या मागे चाळी. पाळी सुटली की कामगार पायी येऊ शकेल असं रुग्णालय. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव हळूहळू विरत गेलं. रुग्ण मात्र कमी झाले नाहीत, फक्त आणखी लांबून येऊ लागले. पहाटे परळच्या एसटी स्थानकावर कोकणातल्या गाड्या लागतात, त्यातली किती माणसं हातात फाईल घेऊन उतरतात ते बघा. केसपेपर दहा रुपयांचा. वर्षाला साधारण १८ लाख रुग्ण ओपीडीत, ८५ हजारांच्या आसपास भरती. खाटा अठराशेच्या वर.

(दृश्य: मेडिसिनचा वॉर्ड. राऊंड. खाटेभोवती विद्यार्थ्यांचं कोंडाळं.)

शिकवणं इथे चालतं, खाटेच्या कडेला. पुढे युनिटचे प्रमुख, मागे लेक्चरर, रजिस्ट्रार, हाऊसमन असे कनिष्ठ डॉक्टर आणि आखूड ॲप्रनमधली मुलं. विद्यार्थी हिस्टरी, म्हणजे आजाराची हकिगत सांगतो. सर मध्येच थांबवतात. 'पेशंटला विचारलंस, की केसपेपर वाचलास?' मुलगा पुन्हा खाली वाकतो.

विचारणं सोपं नसतं. रुग्ण सांगतो, 'पोटात गोळा फिरतो', 'डोळ्यांपुढे अंधारी येते', 'अंगात कसकस आहे'. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला यातला शब्दही कळत नाही. मग वॉर्डातल्या मावशी दुभाषी होतात. अनेक नामांकित डॉक्टरांचं मराठी या मावशींनी घडवलंय, त्यांना त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलेलं नाही.

(दृश्य: शस्त्रक्रियागृहाचा कॉरिडॉर. लाल दिवा.)

३ डिसेंबर १९६७. केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय बदललं. सगळं जग थक्क झालं. परळला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांना फारसं आश्चर्य वाटलं नसावं. ते आणि त्यांचे सहकारी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदयरोपणाचे प्रयोग कित्येक वर्षं करत होते. सेन यांचं डोकं वेगळंच चालायचं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू आतल्या पोकळीतूनच थेट रक्त घेतो. मग माणसाच्या हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबली, तर स्नायूला सुईनं बारीक छिद्रं पाडून रक्ताला तशीच वाट का करून देऊ नये? त्यांनी ते करून पाहिलं. पुढे जगभरात लेझरनं अशी छिद्रं पाडण्याची पद्धत आली, तिच्या मुळाशी सेन यांचे हे प्रयोग आहेत.

१७ फेब्रुवारी १९६८. बर्नार्ड यांच्यानंतर अवघ्या अकरा आठवड्यांत सेन यांनी केईएममध्ये भारतातलं पहिलं मानवी हृदयरोपण केलं. महापालिकेच्या रुग्णालयात, कराच्या पैशावर. मेंदू मृत झालेल्या माणसाला मृत मानून त्याचे अवयव घेऊ देणारा कायदा तेव्हा देशात नव्हता, तो १९९४ साली आला. रुग्ण सुमारे तीन तास जगला.

(दृश्य: नवजात बालकांचा कक्ष, काचेतून.)

६ ऑगस्ट १९८६. याच रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून एका मुलीचा जन्म झाला, टेस्ट ट्यूब बेबी. गर्भ प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेसोबत झालं, डॉ. आनंद कुमार यांच्याबरोबर. तिला देशातली पहिली म्हणताना मात्र जीभ आवरावी लागते. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ सालीच हे साधलं होतं, त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे त्यांची कागदपत्रं तपासून, पहिला मान त्यांचाच, असं सांगणारे होते खुद्द आनंद कुमार. हा मोठेपणाही परळच्या खात्यावर जमा धरायला हरकत नाही.

(दृश्य: वॉर्ड क्रमांक ४ चं दार. कॅमेरा दाराशीच थांबतो.)

अरुणा शानबाग. इथल्याच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ला रुग्णालयाच्या आवारातच त्यांच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ला मृत्यू होईपर्यंत त्या अचेतन अवस्थेत याच वॉर्डात होत्या. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं. एक पिढी निवृत्त झाली, पुढच्या पिढीने काम हाती घेतलं, मग तिसरीने. जवळजवळ बेचाळीस वर्षांत अंगावर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. परिचर्येच्या कुठल्याही परीक्षेत याहून अवघड प्रॅक्टिकल नसेल. मार्च २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं म्हटलं.

(निवेदन नाही. परिचारिकांचे चेहरे, एकामागून एक.)

(दृश्य: वॉर्डातल्या दोन खाटांमधली जमीन. चटई, पिशव्या, सलाईनचा स्टँड.)

याला इथे फ्लोअर बेड म्हणतात. खाट नाही म्हणून रुग्णाला परत पाठवायचं नाही, हा जुना शिरस्ता. त्याचा भार रेसिडेंट डॉक्टर, सिस्टर आणि खाली झोपलेला रुग्ण, तिघांवरही पडतो.

(दृश्य: रात्र. कॅज्युअल्टी. ॲम्ब्युलन्स मागे येत दाराशी लागते, वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर ओढतात.)

२९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा माणसं याच दारातून आत आली. लोकलमधून पडलेले, गोविंदाच्या थरावरून कोसळलेले, छातीत कळ येऊन टॅक्सीत घातलेले, सगळे इथेच. आज ज्या युनिटचा इमर्जन्सी डे आहे, त्याचे डॉक्टर सकाळपासून उभे आहेत. हा स्ट्रेचरमागे धावणारा मुलगा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. नातेवाईकाकडे बघत तो विचारतोय, 'कधीपासून होतंय हे? आधी कुठे दाखवलं होतं?'