ती दोघं, ती मंडळी

मंडळी, नमस्कार!

या एका हाकेत बाया आल्या, बाप्ये आले, पोरंटोरंही आली. ‘मित्रांनो’ म्हटलं की मैत्रिणी उंबऱ्याबाहेर राहतात, आणि ‘मित्रमैत्रिणींनो’ म्हणताना जिभेची कसरत होते.

पण या शब्दाला क्रियापद लावताना मुरलेले निवेदकही अडखळतात. ‘मंडळी’ मुळात स्त्रीलिंगी एकवचनी. 1880 सालची किर्लोस्कर नाटक मंडळी मुक्कामाला ‘येते’ (तिच्यात बायकांची कामंसुद्धा पुरुषच करत, ते सोडा). माणसं डोळ्यांपुढे असली की तोच शब्द नपुंसकलिंगी अनेकवचनी होतो: घरची मंडळी ‘येतात’. भूतकाळात दोन्हीकडे ‘आली’च, म्हणून घोटाळा झाकला जातो. ‘आली आहे’ की ‘आली आहेत’ म्हणायची वेळ आली की तो उघडा पडतो. ‘वऱ्हाडातल्या मंडळीने जेवून घ्यावं’ कानाला खटकतं. तिथे ‘मंडळींनी’च हवं.

हे नपुंसकलिंग आलं कुठून? संस्कृतातून नाही. पाणिनीचं सूत्र ‘पुमान् स्त्रिया’ स्त्री-पुरुष एकत्र आले की पुल्लिंग राखतं. हिंदीही तेच करते. मराठी, कोकणी, गुजराती मात्र नपुंसकलिंगाकडे वळतात. दोन भाऊ आले तर ‘ते दोघे आले’, बहिणी असतील तर ‘त्या दोघी आल्या’, भाऊ-बहीण असतील तर ‘ती दोघं आली’. तिघं, चौघं तशीच. पाचापासून जण, जणी आणि बोलण्यात जणं. हल्ली हिंदीच्या वळणानं सरसकट ‘सगळे आले’ ऐकू येतं; घरात बायका-पुरुष दोन्ही असतील तर ‘सगळी आली’ म्हणावं.

छापील मजकुरात हा भेद पुसट झाला आहे. पूर्वी नपुंसकलिंगी ‘दोघें’वर अनुस्वार असे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि ‘दोघे’ पुल्लिंगासारखंच दिसू लागलं. म्हणून रेडिओच्या संहितेत ‘दोघं’ असंच लिहावं. वाचणाऱ्याला लिंग शोधत बसावं लागत नाही.

अपवाद आदराचा. आई-बाबा, आजी-आजोबा ‘आले’च; तिथे ‘आली’ म्हटलं तर वडीलधाऱ्यांची पोरं होतात.

आणि ती शाळेवरची पाटी, ‘मुलांची शाळा’. ‘मुलगे’चं रूप होतं ‘मुलग्यांची’. ‘मुलांची’ हे ‘मूल’चं. पाटी खरी मानली, तर मुलींनी तिथे बेलाशक नाव घालावं.