मडगार्डवरचं मृत्युपत्र

नमस्कार, श्रोतेहो.

८ जून १९४८. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात सेसिल जॉर्ज हॅरिस हा शेतकरी एकटाच शेतात काम करत होता, आणि स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली अडकला. तासन्‌तास कुणी फिरकलं नाही. तेव्हा त्यानं खिशातल्या चाकूनं मडगार्डच्या पत्र्यावर कोरलं, की यात माझा जीव गेला तर सगळं बायकोला. खाली नाव घातलं. तो वाचला नाही. पण न्यायालयानं तो पत्रा मृत्युपत्र म्हणून मान्य केला.

हे ऐकलं की लोकांना वाटतं, चला, कसंही लिहिलं तरी चालतं. तसं नाही हो. तिथल्या कायद्याला स्वतःच्या हातानं लिहिलेलं मृत्युपत्र साक्षीदारांविना चालतं, म्हणून ते टिकलं. इंग्लंडमध्ये १८३७ च्या कायद्यापासून दोन साक्षीदार लागतात, आणि सही करताना दोघंही एकाच वेळी हजर असावी लागतात. शिवाय ज्याला वाटा द्यायचा, त्यालाच किंवा त्याच्या नवराबायकोला साक्षीला बसवलं, तर मृत्युपत्र राहतं, पण त्याचा वाटा जातो. जवळची माणसं म्हणून लेकसुनेच्या सह्या घ्याव्यात, आणि त्यांचंच नुकसान व्हावं! म्हणून साक्षीदार असा निवडा, ज्याला त्यातून काहीच मिळायचं नाही. तुम्ही राहता तिथला नियम काय, हे मात्र वकिलाला विचारूनच घ्या.

आता हॅरिस वाचला असता, असं धरा. पाय मोडलेला, काम बंद, आणि दोष दुसऱ्या कुणाचा. मग भरपाईचा दावा आला. दाव्यात सगळ्यात आधी विचारतात ते हेच, की त्या दिवशी काय लिहिलं गेलं? म्हणून डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. जिथं जिथं दुखतंय ते सगळं सांगा, मान किंचित आखडली असली तरी सांगा. आज कागदावर न आलेलं दुखणं तीन महिन्यांनी सांगितलं, तर समोरचा वकील विचारणारच, की हे मध्येच कुठून आलं? जागेचे फोटो वस्तू हलवण्याआधी काढा, पाहणाऱ्यांची नावं घ्या. आणि एक साधी वही ठेवा. आज जिना चढता आला नाही, आज मुलाला उचलता आलं नाही, असं तारीख घालून लिहा. औषधाच्या पावत्या खर्च दाखवतात. जगणं किती अडलं, ते ही वहीच दाखवते.

विमा कंपनी लवकर पैसे देऊ करते तेव्हा मोह होतो. घरात खर्च वाढलेला असतो, मला तो मोह पूर्ण समजतो. पण तडजोडीच्या कागदावर सही झाली, की पुढं शस्त्रक्रिया करावी लागली तरी सहसा परत मागता येत नाही. दुखणं कुठवर जाणार हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबा. मात्र मुदत विसरू नका. इंग्लंडमध्ये अशा दाव्याला साधारण ३ वर्षं मिळतात, कॅलिफोर्नियात २. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत आपोआप थांबत नाही.

आणि दावा सुरू असतानाच माणूस गेला तर? इंग्लंडमध्ये पूर्वी असा दावा माणसाबरोबरच संपायचा. १९३४ च्या कायद्यानं तो मागं उरलेल्या मालमत्तेच्या वतीनं पुढं चालवता येऊ लागला. म्हणजे जखमेचा अर्धवट दावा हीसुद्धा मालमत्ताच झाली. ती पुढं नेणार कोण? मृत्युपत्रात ज्याला व्यवस्थापक नेमलं आहे, तो माणूस. त्याला विचारून नेमा. मृत्युपत्र कुठल्या कपाटात आहे, दाव्याची फाईल आणि ती वही कुणाकडे आहे, हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे. हॅरिसचा पत्रासुद्धा लगेच कुणाच्या लक्षात आला नव्हता, काही दिवसांनी सापडला.

नमस्कार.