खरपूस: ब्रसेल्स स्प्राउट्सची बदललेली चव

(दृश्य: धुक्यातली किनारपट्टी, निळसर हिरवी शेतं)

सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे वनने दक्षिणेला निघालं, की हाफ मून बेच्या आसपास समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ही शेतं लागतात. जाड, उभे दांडे. माथ्यावर पानांची छत्री. आणि बुंध्यापासून वरपर्यंत दांड्याला चिकटलेले, लिंबाएवढे कोबीचे गड्डे. अमेरिकेत पिकणारे बहुतेक ब्रसेल्स स्प्राउट्स इथले, म्हणजे सॅन मटेओ, सांता क्रूझ आणि माँटेरे या काउंटींमधले. 1920च्या दशकात इथे लागवड सुरू झाली. कारण साधं आहे: या पिकाला गारवा लागतो. ऊन तापलं की गड्डे सैल पडतात, आणि इथे ऐन उन्हाळ्यातही समुद्रावरून धुकं येत राहतं.

नाव मात्र बेल्जियमच्या राजधानीचं, कारण तिच्या परिसरात हे पीक शतकानुशतकं घेतलं जातंय. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि हे, सगळी एकाच प्रजातीची भावंडं. पान खोडाला जिथे जुळतं, त्या बेचक्यातला कोंब फुगतो आणि त्याचा गड्डा होतो. आधी खालचे तयार होतात, मग वरचे. सगळे एकदम हवे असतील तर शेतकरी दांड्याचा शेंडा खुडतो. वाढ थांबते आणि गड्डे सारखे भरतात.

(दृश्य: उकळतं पातेलं, वाफ)

या भाजीची बदनामी झाली ती पातेल्यात. ब्रिटनमध्ये नाताळच्या ताटात ती हवीच, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती मऊ, करड्या हिरव्या रंगाची होईपर्यंत उकळली गेली. घरभर गंधकाचा वास. मुलं ताटात ती बाजूला सारायची, आणि खरं सांगायचं तर मुलांचं काही चुकत नव्हतं.

त्या वासामागे ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं आहेत. त्यातलं एक, सिनिग्रिन, आपल्या मिसळणाच्या डब्यातही आहे: मोहरीत. मोहरी फेसली की नाकात जो झणका जातो, तो सिनिग्रिन फुटल्यामुळेच. कोबीवर्गातल्या भाज्यांचा कडवटपणा आणि उग्रपणा याच घराण्यातून येतो. भाजी जास्त वेळ उकळत ठेवली, की याच द्रव्यांपासून वास मारणारे वायू सुटू लागतात.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उपाहारगृहांनी हीच भाजी भट्टीत भाजायला घेतली आणि लोक ती मागून खाऊ लागले. श्रेय आचाऱ्यांना मिळालं. माझ्या मते त्यातलं निम्मं बियाणेवाल्यांचं आहे. 1990च्या दशकात नेदरलँड्समध्ये हान्स व्हान डोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या भाजीचा कडवटपणा मुख्यतः दोन द्रव्यांमुळे येतो: सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन. मग बियाणे कंपन्यांनी जपून ठेवलेले जुने वाण धुंडाळले. कमी कडू निघाले ते निवडले आणि जास्त उत्पन्न देणाऱ्या नव्या वाणांशी त्यांचा संकर केला. म्हणजे लहानपणी ज्यांनी ही भाजी थुंकली, त्यांच्या समोर आज बऱ्याचदा वेगळीच भाजी असते.

(दृश्य: ओटा, सुरी, गड्डे)

आता स्वयंपाकघरात. चार जणांना तोंडीलावणं म्हणून अर्धा किलो पुरतात. लहान, घट्ट, वजनदार गड्डे घ्या. पिवळी पानं असलेले नकोत. देठाचं टोक पातळ कापा. जास्त कापलंत तर पानं सुटतील. मग देठातून उभे दोन भाग करा. सुटून आलेली हिरवी पानं टाकू नका, ती पापडासारखी कुरकुरीत होतात.

धुवा, आणि पंचावर पसरून नीट कोरडे करा. इथे घाई नको. गड्डे ओले राहिले तर भट्टीतली उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते, भाजी वाफेवर शिजते आणि आपण पुन्हा त्या पातेल्यापाशी येतो.

दोन मोठे चमचे तेल, अर्धा चहाचा चमचा मीठ, थोडी मिरपूड. शेंगदाण्याचं तेल उत्तम चालतं, महागडं ऑलिव्ह तेलच हवं असं काही नाही. ओव्हन 220 अंश सेल्सिअसला, म्हणजे 425 फॅरनहाइटला, तापू द्या. रिकामा ट्रेही आतच तापवा. कापलेली बाजू खाली ठेवून गड्डे मांडा. एकमेकांना खेटून नकोत. मावत नसतील तर दोन ट्रे घ्या.

(दृश्य: तापत्या ट्रेवर गड्डे ठेवताना चर्र आवाज)

आता 20 ते 25 मिनिटं. सारखं दार उघडून हलवत बसू नका. कापलेली बाजू गरम पत्र्याला टेकून राहिली, तरच तिथली साखर आणि प्रथिनं तांबूस होतात आणि खरपूस चव येते. बाहेरच्या पानांच्या कडा काळपट झाल्या तरी चालेल. देठात सुरी सहज शिरली की झालं. लसूण घालायचाच असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत, आधी घातला तर करपून कडू होतो. लिंबू पिळायचं ते बाहेर काढल्यावर.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, म्हणजे बे एरियातल्या, मराठी घरात वरून मोहरी, हिंग आणि सुक्या मिरचीची फोडणी पडली, तर सिनिग्रिनवर सिनिग्रिन. छान लागतं.

(दृश्य: ताट)

पौष्टिकतेचं म्हणाल, तर 100 ग्रॅम कच्च्या भाजीत सुमारे 43 कॅलरी, जवळपास 4 ग्रॅम तंतू आणि 85 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. संत्र्यापेक्षा जास्त, भाजताना त्यातलं काही जातं. पण दोन चमचे तेलाच्या साधारण 240 कॅलरीही मोजा, चौघांत प्रत्येकी 60. के जीवनसत्त्व भरपूर, त्यामुळे रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं आणि ते एकसारखं ठेवावं. आणि हो, भाजी वातूळ आहे. पहिल्यांदा खाणाऱ्याने चार-पाच गड्ड्यांवर थांबावं.

गरम असतानाच वाढा. झाकून ठेवली की वाफेने मऊ पडते. उरलीच तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये नको. लोखंडी तवा कडकडीत तापवा आणि कापलेली बाजू खाली ठेवून दोन मिनिटं परता.