पाव मापाचं ग्नोम

टेबलावर ठेवलंय ते ग्नोम ओमेगा. पॅरिसजवळ सेगँ बंधूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडवलेल्या विमान इंजिनाची पाव मापाची प्रतिकृती. मूळ इंजिन सात सिलेंडरचं, ५० अश्वशक्तीचं. यात क्रँकशाफ्ट, म्हणजे मधला दांडा, जागेवर पक्का, आणि सिलेंडर, क्रँककेस (सिलेंडर जिच्यावर बसतात ती मधली पेटी), पंखा हे सगळं त्याच्याभोवती गरगरतं.

हेच का घेतलं? तर ओतकामाची कटकट नाही. मूळ सिलेंडरसुद्धा भरीव पोलादातून कातून काढलेले. म्हणजे भट्टी नको, साचे नकोत. लेथ, छोटं मिलिंग मशीन आणि सोशिक शेजारी असले की भागतं.

पाव माप म्हणजे सगळ्याला चारने भागायचं, असं मलाही वाटलं होतं. बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ११० मिमीचा २७.५ झाला; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२० चा ३०. आठ लिटरचं इंजिन सव्वाशे सीसीवर आलं, मोटरसायकलीएवढं. पण मूळ सिलेंडरची भिंतच दीड मिमीची. तिला चारने भागलं की उरते ०.३७५. आतून कातणारं बोरिंग टूल टेकताच ती थरथरते आणि बोअर लंबगोल होतो. शेवटी मी भिंत एक मिमीची ठेवली, फिन्सचा, म्हणजे गार ठेवणाऱ्या बाहेरच्या चकत्यांचा, बाहेरचा व्यास मापात राखला आणि मधल्या खाचा उथळ केल्या. बाहेरून कळत नाही. ही लबाडी आज पहिल्यांदाच चारचौघांत कबूल करतोय.

आता फजिती. क्रँककेसवर सात भोकं, समान अंतरावर. ३६० ला सातने भागून बघा, हिशेब संपतच नाही. डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे जॉब नेमक्या कोनात फिरवणाऱ्या साधनावर, मात्र सोपं आहे. हँडल चाळीस फेरे फिरवलं की जॉब एकदा फिरतो; म्हणून दर भोकाला हँडलचे पाच पूर्ण फेरे, आणि हँडलची पिन तबकडीवरच्या २१ भोकांच्या वर्तुळावर १५ भोकं पुढे. मी पिन ज्यात होती तेच भोक ‘एक’ म्हणून मोजलं. त्यामुळे दर खेपेला सरकलो चौदाच. एका भोकाची चूक अर्ध्या अंशाहूनही कमी. डोळ्यांना दिसणार कशी? सातव्या खेपेनंतर पिन तबकडीवरच्या सुरुवातीच्या भोकात परत यायला हवी होती, ती आली नाही. मोजलं तर क्रँककेसवरची शेवटची फट अडीच अंशांनी जास्त. तीन आठवड्यांचा जॉब भंगारात. आता मी पिनच्या पुढच्या भोकावर खडूची खूण करून तिथून ‘एक’ म्हणतो.

आणि हा वास? एरंडेल. यात पेट्रोल-हवेचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये येतं आणि पिस्टनच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्हमधून वर जातं. साधं तेल त्या पेट्रोलमध्ये मिसळून पातळ होतं, एरंडेल सहजी मिसळत नाही. मात्र ते परत टाकीत येत नाही, धुराबरोबर बाहेर उडतं.

तर एरंडाचं गुऱ्हाळ पुरे. अंगणात चला, सुरू करून दाखवतो. पांढरे शर्टवाले, तुम्ही पंख्याच्या रेषेत उभे राहू नका.